अन्नबँकांनी शेतमाल विकत घ्यावा का? घ्यावा, पण पैसा पेरणीआधी ठरलेला हवा

प्रश्नाचे दोन भाग आहेत. अन्नबँकांना देणगीत माल फुकट मिळतो, तर सरकारने त्यांना जवळच्या शेतकऱ्यांकडून विकत घ्यायला पैसे का द्यावेत? आणि द्यायचेच असतील तर योजना कशी आखावी, म्हणजे ते मधल्यामध्ये मुरणार नाहीत? अन्नबँकेची खरेदी बरीच वर्षं सांभाळल्यावर माझं उत्तर असं: द्यावेत. पण किती दिले यापेक्षा कधी जाहीर केले याकडे आधी बघा. खरेदीची हमी बियाणं घेण्याआधी मिळाली तर शेतकरी त्या हिशेबाने लागवड करतो. काढणीच्या तोंडावर मिळाली तर जे शेतात उभं आहे तेच तो देतो, आणि तुम्ही तेच घेता, मग लोकांना ते हवं असो वा नसो.

आधी 'फुकट' मालाबद्दल. अन्नबँक ही व्यवस्थाच उरलेल्या मालावर उभी राहिली. १९६७ साली अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल यांनी सेंट मेरीज फूड बँक सुरू केली. दुकानं आणि शेतं टाकून देणार तो माल गोळा करायचा आणि गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्थांना द्यायचा, एवढंच काम होतं. सरकारी मदतही त्याच वाटेने आली. डिसेंबर १९८१ मध्ये रेगन सरकारने गोदामांत साठलेलं ३ कोटी पौंड चीज वाटायला काढलं. त्यातून आणीबाणीतल्या अन्नसाहाय्याची 'टेफॅप' नावाची योजना निघाली, आणि तिच्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर 'टेम्पररी', म्हणजे 'तात्पुरती', या शब्दाचं होतं. १९९० मध्ये तो शब्द काढावा लागला. योजना आजही चालू आहे.

उरलेल्या मालावर बसवलेल्या व्यवस्थेची अडचण अशी की उरणं तुमच्या हातात नसतं. युरोपात हे ठळकपणे दिसलं. १९८७ पासून युरोपीय समुदाय शेतमालाचे सरकारी साठे गरिबांसाठी देत होता. शेती धोरण बदललं तसे साठे आटले आणि कमी पडणारा माल बाजारातून घेतला जाऊ लागला. शेतीच्या खात्यातून ही खरेदी कशी होते, असा आक्षेप घेत जर्मनी न्यायालयात गेली आणि एप्रिल २०११ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाचा निकाल तिच्या बाजूने लागला. शेवटी २०१४ मध्ये सामाजिक मदतीसाठी 'फेड' नावाचा वेगळा निधी उभा करावा लागला, २०१४ ते २०२० या काळासाठी साधारण ३८० कोटी युरोंचा. दुकानांचंही तसंच आहे. त्यांची साठ्याची शिस्त जितकी सुधारते, तितकं अन्नबँकेच्या दाराशी कमी येतं. दुकानाने कमी नासाडी केली याबद्दल तक्रार तरी कशी करणार?

आता विरोधकांचा सगळ्यात मजबूत मुद्दा घेऊ, कारण तो बहुतेक वेळा अर्धवट मांडला जातो. अमेरिकेतल्या अन्नबँकांचं मोठं जाळं म्हणजे फीडिंग अमेरिका. तिथे २००५ पासून मोठ्या देणग्यांचं वाटप बोली लावून होतं. शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांच्या मदतीने ही पद्धत बसवली. प्रत्येक अन्नबँकेला 'शेअर' नावाचं आभासी चलन मिळतं आणि ते वापरून ती माल मागते. यातून जे दर निघाले ते बोलके आहेत. नाश्त्याच्या तयार सीरियलला आणि पास्त्याला चढी बोली लागते. ताज्या भाज्या-फळांना जवळपास काहीच नाही. काही मालाला उणे बोलीची सोय ठेवावी लागली, म्हणजे जो उचलेल त्यालाच वर चलन. मग विरोधक विचारतात, भाज्या कोणी फुकटसुद्धा उचलत नसेल तर सरकारने त्या विकत का घ्यायच्या?

त्या भाज्या कशा येतात ते बघा. एकाच पिकाचा अख्खा ट्रक, लांबून, मिळेल त्या दिवशी, निम्मं आयुष्य रस्त्यात घालवून. अन्नबँकेला तो उतरवायचा, निवडायचा, छोट्या पिशव्यांत भरायचा आणि चार दिवसांत शंभर ठिकाणी पोचवायचा असतो. माल फुकट असला तरी हे काम फुकट होत नाही. जवळच्या शेतकऱ्याकडून घेताना किंमत द्यावी लागते, पण त्या किमतीत वार ठरवता येतो, प्रमाण ठरवता येतं, चार पिकं मिसळून मागवता येतात आणि माल काल तोडलेला असतो. मोठ्या वितरण केंद्रात न उतरवता गाडी थेट गावातल्या वाटप केंद्राकडे नेता येते. दोन्ही प्रवाहांत भाजीच असते म्हणून त्यांची तुलना करायला गेलं की गणित हमखास चुकतं.

सरकारी योजना वाचताना मी एक फरक पहिल्यांदा शोधतो: पैसा तोडणीचा आहे की पिकाचा? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली 'पास' योजना आणि ओहायो राज्यातली कृषी निकासी योजना यांचा भर शिल्लक किंवा बाजारात न चालणाऱ्या मालावर आहे. तोडणी, प्रक्रिया, बांधणी आणि वाहतुकीचा खर्च भरून काढायचा, म्हणजे माल शेतात नांगरला जाण्याऐवजी ताटात जाईल. २०१८ च्या अमेरिकी शेती कायद्याने टेफॅपमध्ये वर्षाला ४० लाख डॉलर ठेवले तेही याच कामासाठी, दान केलेला शेतमाल काढून पोचवण्यासाठी. या योजना चांगल्या आहेत, स्वस्त आहेत, नासाडी कमी करतात. फक्त त्यांना 'शेतकऱ्याला आधार' म्हणू नये. खर्च भरून निघाला तर शेतकऱ्याचं नुकसान थांबतं, उत्पन्न वाढत नाही. त्याने पुढच्या वर्षी जास्त लावावं असं त्यात काही नाही.

पिकाचा पैसा म्हणजे काय, हे अमेरिकेत 'एलएफपीए' योजनेने दाखवलं. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने ती ४० कोटी डॉलरपर्यंतच्या तरतुदीने जाहीर केली, पुढे तीत भर पडली. राज्यं, आदिवासींची स्वशासित 'राष्ट्रं' आणि अमेरिकेच्या ताब्यातले इतर प्रदेश यांच्याशी करार झाले. त्यांनी जवळच्या उत्पादकांकडून, त्यातही आजवर दुर्लक्षित राहिलेल्या शेतकऱ्यांकडून, माल विकत घ्यायचा आणि गरजूंपर्यंत पोचवायचा. 'जवळचा' म्हणजे त्याच राज्यातला किंवा पोचवण्याच्या जागेपासून ४०० मैलांच्या आतला. ही व्याख्या सैल वाटेल, पण मला ती शहाणपणाची वाटते. पन्नास मैलांची रेघ आखली की थंड प्रदेशात हिवाळ्यात वाटायला काही उरत नाही आणि खरेदी अधिकारी पळवाटा शोधायला लागतात. अंतरापेक्षा शेताचा आकार आणि मालकी यांची अट जास्त कामाची.

याच्या उलट उदाहरण २०२० च्या मे महिन्यात सुरू झालेल्या 'फार्मर्स टू फॅमिलीज' खोक्यांचं. महामारीत हॉटेलं, शाळा बंद पडल्या, शेतावर दूध ओतून द्यायची वेळ आली आणि दुसरीकडे अन्नबँकांबाहेर रांगा लागल्या. सरकारने वितरकांना ठेके देऊन भाजी, दूध, मांसाची तयार खोकी वाटली. मे २०२१ मध्ये योजना थांबेपर्यंत १७ कोटींपेक्षा जास्त खोकी गेली. आणीबाणीत एवढा माल हलवणं सोपं नव्हतं, हे मान्य. पण निविदा वितरकांसाठी होती आणि नावात तेवढा शेतकरी होता. या धंद्याचा फारसा अनुभव नसलेल्या काही कंपन्यांनाही ठेके मिळाले, आणि वितरकाने शेतकऱ्याला काय दर दिला हे बाहेरून कळायला सोय नव्हती. लहान शेतकऱ्याला खोकं भरण्याच्या अटी झेपणाऱ्या नव्हत्या. त्याच वसंतात न्यूयॉर्क राज्याने 'नरिश न्यूयॉर्क' नावाने २ कोटी ५० लाख डॉलर अन्नबँकांच्याच हाती दिले आणि राज्यातल्या शेतकऱ्यांचा माल घ्यायला सांगितलं. काय हवं ते अन्नबँकेने ठरवायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदा करून ती योजना कायम केली गेली. दोन्हींची सुरुवात एकाच संकटातून झाली. एक संकटाबरोबर संपली, दुसरी टिकली.

सगळ्यात जास्त शिकण्यासारखं मात्र ब्राझीलमध्ये आहे. तिथली 'पीएए' ही अन्नखरेदी योजना जुलै २००३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या पहिल्या कार्यकाळात, भूकमुक्तीच्या मोहिमेचा भाग म्हणून कायद्याने आली. कौटुंबिक शेतकऱ्याकडून निविदेशिवाय, पण बाजारभावाच्या आधाराने ठरलेल्या दराने खरेदी, आणि प्रत्येक कुटुंबाला वर्षाला किती रकमेचा माल विकता येईल याची मर्यादा. या दोन गोष्टींनी फार मोठं काम केलं. निविदा नसल्याने लहान माणूस आत येऊ शकला आणि मर्यादेमुळे मोठा माणूस सगळं घेऊन जाऊ शकला नाही. माल आला की लगेच अन्नबँका, सामुदायिक स्वयंपाकघरं आणि सामाजिक संस्थांकडे जातो, त्यामुळे साठवणुकीचा खर्चही कमी. २००९ मध्ये शालेय आहाराच्या केंद्रीय पैशातला किमान ३० टक्के वाटा कौटुंबिक शेतीकडून खरेदीसाठी राखला गेला. म्हणजे गट करून माल विकायला शिकलेल्या शेतकऱ्याला पुढचं, जास्त स्थिर गिऱ्हाईक मिळालं. मधल्या काळात निधी आटला, २०२१ मध्ये योजनेचं नाव बदललं, २०२३ मध्ये ती जुन्या नावाने परत आली.

त्याच देशातली दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण योजना आखणारे तिच्याकडे डोळेझाक करतात. सप्टेंबर २०१३ मध्ये पाराना राज्यात केंद्रीय पोलिसांनी या योजनेतल्या गैरव्यवहाराच्या संशयावरून शेतकऱ्यांना आणि सरकारी कर्मचाऱ्यांना अटक केली. वादाचा मोठा भाग असा होता की कागदावर एक भाजी लिहिलेली आणि दिली गेली दुसरी. शेतीत हे रोजचं आहे. एक पीक गारपिटीत गेलं तर त्याच किमतीचं दुसरं द्यायचं. पुढे न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले, पण तोवर त्या भागातल्या संघटना मोडकळीला आल्या होत्या. म्हणून करारात बदली मालाचं कलम पहिल्या दिवशी लिहा: कोणत्या गटातलं पीक कोणत्या गटातल्या पिकाऐवजी चालेल, दर कसा लावायचा, कोणाला आणि किती तास आधी कळवायचं. अर्ध्या पानाचं काम आहे.

आता खरेदी प्रत्यक्षात कशी मांडावी. मी निधीचे तीन भाग करतो. निम्म्याच्या आसपास रक्कम लागवडीआधीच्या करारांत, ठरलेल्या दराने आणि ठरलेल्या आठवड्यांसाठी. उरलेल्यातला मोठा वाटा हंगामातल्या चालू मागणीला, दर आठवड्याच्या बाजाराप्रमाणे. थोडी रक्कम अचानक निघणाऱ्या जादा मालासाठी. हे प्रमाण पिकाप्रमाणे बदलेल, पण शेवटचा भाग मोठा होऊ देऊ नका. तो मोह फार असतो, कारण तिथे माल स्वस्त मिळतो आणि किलोचे आकडे फुगतात. पण पडेल भावाने घेणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कोणीच काही लावत नाही.

दर ठरवताना किरकोळ भाव आणि ठोक भाव यांच्या मध्ये कुठेतरी उतरायचं, आणि सूट मागायची ती शेतकऱ्याच्या पोटातून नाही तर कामातून. आम्हाला एकसारख्या आकाराची गरज नसते. रंगीत खोकं, स्टिकर, छोटी पॅकिंग नको असते. परत करायच्या क्रेटमध्ये सुटा माल चालतो. प्रतवारीचा मजूर वाचतो, खोक्याचा खर्च वाचतो. ही बचत दोघांनी वाटून घ्यायची. वाकडी काकडी चालेल, सडकी नाही, हे फोटोसकट लिहून ठेवलं की माल उतरवतानाची भांडणं संपतात.

पैसे देण्याचा वेग हा वेगळा विषय आहे आणि इथेच बहुतेक योजना आपटतात. सरकार म्हणतं, आधी खर्च करा, पावत्या द्या, मग परतफेड करू. मोठ्या अन्नबँकेला दोन महिने थांबता येतं. गावपातळीवरच्या संस्थेकडे खेळतं भांडवल नसतं, मग ती शेतकऱ्याचं बिल अडवते. एकदा बिल अडलं की पुढच्या वेळी माल दुसरीकडे जातो. जागतिक अन्न कार्यक्रमाने २००८ पासून २० देशांत लहान शेतकऱ्यांकडून खरेदीचा जो प्रयोग केला, त्यात हाच अनुभव आला: शेतकरी संघटनेशी करार झालेला असतो, पण रोख पैसे घेऊन व्यापारी दारात उभा राहिला की माल त्याच्याकडे जातो. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या मजुरांचा पगार आठवड्याला असतो. निधीतला एक हिस्सा आगाऊ द्यावा आणि माल घेतल्यापासून दोन आठवड्यांत पैसे देण्याचं बंधन करारात असावं. हे नसेल तर 'लहान शेतकऱ्यांसाठी' हे शब्द मसुद्यातून काढलेले बरे.

कागदपत्रांचा जाच कमी ठेवा. अमेरिकेच्या ताज्या शेतमालाच्या सुरक्षा नियमातून वर्षाला सरासरी २५ हजार डॉलरपर्यंत (महागाईनुसार वाढणारा आकडा) विक्री करणारी शेतं वगळलेली आहेत. आणि तरी अन्नबँका त्यांच्याकडे खासगी लेखापरीक्षणाचं प्रमाणपत्र आणि मोठ्या रकमेचा विमा मागतात, कारण मोठ्या वितरकांसाठी केलेला फॉर्म तसाच पुढे सरकवलेला असतो. पाणी कुठलं, खत कसं, हात धुण्याची सोय, तोडणीनंतर किती वेळात थंड केलं, कोणत्या वाफ्यातला माल कोणत्या क्रेटमध्ये, एवढं एका कागदावर लिहून घ्या आणि वर्षातून एकदा शेतावर जाऊन बघा. विमा गट करून काढता येतो.

घेणाऱ्या कुटुंबांना विचारल्याशिवाय लागवडीचा आराखडा करू नये. ज्यांच्याकडे एकच शेगडी आहे, ज्यांना दोन पाळ्यांत काम करावं लागतं, ज्यांच्या घरात फ्रीज नाही, त्यांना पोषणतज्ज्ञाच्या यादीतल्या नाजूक पालेभाज्या देऊन उपयोग नाही. वाटपाच्या दिवशी टेबलावर काय उरतं ते लिहून ठेवायचं आणि हंगाम संपला की शेतकऱ्याबरोबर बसून ते वाचायचं. स्थलांतरित कुटुंबांच्या सवयीच्या भाज्या लावणारे लहान शेतकरी बहुतेक ठिकाणी असतात. त्यांना मोठ्या मंडईत गिऱ्हाईक नसतं, आमच्याकडे असतं. खरेदीच्या पैशाचा मला दिसलेला सगळ्यात समाधानकारक उपयोग हाच.

मालाबरोबर हाताळणीचा पैसा हवा. शीतगृह, थंड गाडी, क्रेट, ड्रायव्हर. माझा अंदाज, खरेदीच्या रकमेच्या पाचवा ते चौथा हिस्सा. 'शंभर टक्के पैसा थेट शेतकऱ्याला' ही घोषणा ऐकायला छान, पण शेवटच्या केंद्रावर फ्रीज नसेल तर त्या शंभर टक्क्यांतलं बरंच कचऱ्यात जातं. मधल्या टप्प्यावर वीस-तीस शेतांचा माल गोळा करून एकच बिल देणारी संस्था, ज्याला फूड हब म्हणतात, ती या पैशातून उभी राहिली तर पुढे शाळा आणि दवाखान्यांनाही माल देऊ शकते.

विकत घ्यायला लागलो तर देणगी आटेल का? थोडी आटते. दोन प्रवाह वेगळे ठेवले तर फारसा फरक पडत नाही: करार हंगामाआधी, दान हंगामानंतर, आणि एकाच शेतकऱ्याचा एकाच आठवड्यातला माल अर्धा विकत अर्धा दान असा घेऊ नये. त्यातून गैरसमजच जास्त होतात.

आणि हे भूक मिटवण्याचं मुख्य साधन नाही, हेही स्पष्ट असू द्या. फीडिंग अमेरिकाच सांगते की अन्नबँका जिथे एक जेवण पुरवतात तिथे सरकारची 'स्नॅप' ही अन्नसाहाय्य योजना नऊ जेवणं पुरवते. गरजू कुटुंबाच्या हातातला पैसा कापून तो अशा खरेदीकडे वळवायचा प्रस्ताव असेल तर मी त्याच्या विरोधात मत देईन. शेती खात्याच्या पैशातून, त्या मदतीच्या जोडीला येत असेल तर बाजूने.

शेवटी टिकण्याचा प्रश्न. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने एलएफपीएची पुढची फेरी रद्द केली. मार्चमध्ये तिथे रोपवाटिका भरलेल्या असतात, बियाण्याचे पैसे गेलेले असतात, मजूर ठरलेले असतात. काही शेतकऱ्यांनी तर या खरेदीच्या भरवशावर क्षेत्र वाढवलं होतं. त्यामुळे कोणताही करार करताना मी शेतकऱ्याला विचारतो, एकूण विक्रीतला किती वाटा माझ्याकडून येणार? तिसऱ्या हिश्श्यावर जात असेल तर मी मागणी कमी करतो, तो नाराज झाला तरी. आणि सरकारी बाजूने लिहून घ्यायचं: योजना बंद करायची तर झालेले करार त्या हंगामाअखेरपर्यंत पाळले जातील.

प्रस्तावाचा मसुदा हाती आला की या गोष्टी शोधा. निधी जाहीर होण्याची तारीख लागवडीच्या आधीची आहे का, आणि तरतूद एका वर्षापेक्षा जास्त आहे का. आगाऊ रकमेची सोय आहे का. प्रति शेत मर्यादा आहे का. यशाचं माप काय ठेवलंय ते तर नीट वाचा. फक्त वजन मोजणार असतील तर वर्षभर बटाटे आणि कोबीच येतील, कारण ते जड आणि स्वस्त असतात. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी चार आकडे मागा: रुपया असो वा डॉलर, त्यातला किती भाग शेताच्या बांधापर्यंत पोचला, बिल किती दिवसांत चुकतं झालं, किती वेगवेगळ्या शेतांकडून माल आला, आणि वाटपानंतर किती टाकून द्यावा लागला. हे आकडे द्यायला अधिकारी का-कू करू लागले, तर तेवढ्या कारणासाठी मसुदा परत पाठवा.